शांत मादी

नाईलकाठच्या इम्बाबा वस्तीतल्या आमच्या गच्चीवर, कबुतरांच्या खुराड्याशेजारी, शाबानदादा पाळीव सापांसाठी उंदीर वाढवतो. चावरी मादी निघाली की ती सापाला जाते. शांत मादी विणीसाठी राहते, कारण तिची पिलंही शांत निघतात. म्हणून माझ्या पांढऱ्या फुल्लाचे डोळे उघडले नव्हते तेव्हापासून मी तिला रोज हातावर घेतलं, पुढे दुधात भिजवलेला पाव भरवला. आज नाईलपलीकडून अजगरवाले साहेब आले. मागच्या उंदराने त्यांच्या अजगराच्या डोळ्यालाच चावा घेतला होता. “न चावणारा हवा,” म्हणाले. दादाने सरळ फुल्लाला उचललं. “दादा, ती विणीची आहे! कोपऱ्यातल्या पिंजऱ्यातली दे की.” “ती चावरी अजगराचा दुसराही डोळा फोडेल.” दादा हसला. “शांत पोरींनाच मागणी असते, बाई. तुझंच बघ ना! पोरीच्या तोंडातून शब्द निघत नाही, एवढ्यावर पसंत केलं मुलाकडच्यांनी.” परवा फातिहा वाचून माझं लग्न ठरवलं, तेव्हाही मी अशीच खाली बघत उभी होते. “धर हिला, खोका आणतो,” म्हणत तो जिना उतरला. मी फुल्लाला तोंडाजवळ घेतलं. “चाव,” मी म्हणाले. “दादा आला की कडकडून चाव. एकदाच, फुल्ला.” मी तिची शेपटी चिमटली, माझं बोट तिच्या दातांत दिलं. जिन्यावर दादाची पावलं वाजली. फुल्लाने माझं बोट चाटलं आणि नेहमीसारखी ती तळहातावर अंग मुडपून झोपली.