इंजिन नेहमी दादाच

सोफ्यावर दोघं, आरामखुर्चीत एक, जमिनीवर एक. कॉफीचे चार कप, त्यातले दोन रिकामे. पॉपकॉर्नचं एक पातेलं, तळाशी न फुटलेले दाणे. आणि आरामखुर्चीसमोरच्या स्टुलावर, बाबाच्या तोंडापासून बरोबर एक हात अंतरावर, उभा करून ठेवलेला फोन. त्यावर आवाज मोजणारं ॲप चालू होतं. सगळे गप्प असले की आकडा अडतीस. पण आज सगळे गप्प असे कधी नव्हतेच.

"वाट लावली मालिकेची," आत्या म्हणाली. चाळीस वर्षांनी 'दूरयान' पुन्हा टीव्हीवर आलं होतं आणि नवा पहिला भाग आत्ताच संपला होता. "आमची कप्तान, यानावर उल्का आदळली तरी, कॉफी सांडू द्यायची नाही. ही बया एका भागात दोनदा रडली!"

"माणूस आहे, रडणारच," शेजारचे दातांचे डॉक्टर म्हणाले. "माझ्या खुर्चीत भलेभले रडतात. आणि जुनं यान आठवा जरा. दोरीला टांगलेलं दिसायचं."

"दोरी दिसायची नाही!"

"दिसायची. शिवाय हलायची."

"आम्हाला नाही दिसली कधी. मी नि दादा पलंगाखाली तेच यान चालवायचो. कप्तान मी, इंजिन नेहमी दादाच."

जमिनीवर बसलेली मुलगी हसली. ती भौतिकशास्त्र शिकलेली. तिला नवं यान आवडलं होतं, कारण ते मुळीच आवाज न करता उडालं. "अवकाशात हवा नाही, म्हणून आवाज नाही. पहिल्यांदा कोणीतरी बरोबर दाखवलंय."

आरामखुर्चीत बाबाचे ओठ हलले. आकडा एकोणपन्नासवर गेला आणि खाली आला.

"दादा काही म्हणाला का?" आत्याने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता पुन्हा दोरीवरून भांडायला लागली.

मोठ्या आजारातून उठल्यापासून बाबा असाच बोलायचा, स्वतःच्या शर्टाच्या गुंडीशी. गळा ठणठणीत होता. जोर लावायची सवय मोडली होती. वाचोपचार करणाऱ्या बाईंनी रोज लांब 'आ' लावायला सांगितलं होतं. सत्तर डेसिबल, दहा सेकंद. तेवढं जमलं की पोहण्याच्या तलावावर शिकवायला परत जाता येणार होतं, त्याआधी नाही. ज्याची हाक पलीकडच्या काठाला पोचत नाही, त्याच्या भरवशावर पोरं पाण्यात कोण सोडणार? पण 'आ' म्हटलं की बाबा वैतागायचा. "मी काय डॉक्टरांच्या खुर्चीत बसलोय?" हेही तो पुटपुटायचाच. कालचा आकडा अठ्ठावन्न, चार सेकंद.

मुलगी त्याच्याजवळ सरकली. "काय म्हणालास?"

"आवाज बाहेरच्यांना नाही येणार," बाबा पुटपुटला. "पण आपण बाहेर कुठे असतो? आपण यानात बसून बघतो."

यानात हवा असते. इंजिनाची घरघर पत्र्यातून आत येणारच. मुद्दा बिनतोड होता.

"सांग ना त्यांना," बाबा पुटपुटला.

"मी? माझ्याच विरुद्ध? तुझा मुद्दा तू मांड, बाबा."

खोल पाण्याच्या काठावरून नवी पोरं त्याच्याकडे जसं बघायची, तसं बाबाने तिच्याकडे बघितलं. तिने नजर हलवली नाही.

तिकडे डॉक्टरांनी आत्याला डिवचलं होतं. "एवढी थोर होती तुमची कप्तान, तर तिचं एक वाक्य म्हणून दाखवा. एकच."

आत्या ताडकन उठली. पातेलं उचलून तिने डोक्यावर पालथं घातलं. उरलेले दाणे डॉक्टरांच्या मांडीवर सांडले. कमरेवर हात ठेवून ती गरजली, "यंत्रकक्ष! ऐकू येतंय का?"

आणि ती थांबली. पुढचं वाक्य तिचं नव्हतंच, कधीच नव्हतं.

बाबाची पाठ खुर्चीपासून सुटली. त्याने छाती भरून श्वास घेतला.

"घूंऽऽऽ"

आधी खालच्या पट्टीत, मग वर चढत, मग जुनं यान ढगांबाहेर पडायचं तसा एकदम मोकळा. कपातल्या कॉफीवर वर्तुळं उठली. आत्या पातेल्यासकट डोलत अदृश्य चाक फिरवत होती. डॉक्टरांनीच आता आ केला होता. मुलीने बोट ओठांवर ठेवलं होतं. तशी गरज कोणालाच नव्हती.

आवाज थांबला. बाबा धापा टाकत हसत होता. मुलीने स्टुलावरचा फोन उचलला.

चौऱ्याहत्तर डेसिबल. तेरा सेकंद.