रंग ओला आहे

पहिल्या बाकावर पुठ्ठा टांगलेला होता. "बाकांचा रंग ओला आहे. बसू नये." कानामात्रांनी तो दारातूनच वाचून टाकला.

काहीही झालं तरी आज वाचायचं नाही, असं बायकोनं त्यांना सकाळपासून बजावलं होतं. प्रौढ साक्षरता वर्गात किमान दहा निरक्षर हवेत असा नियम. एक म्हातारी मुलीकडे कायमची राहायला गेली आणि वर्ग बंद पडायची वेळ आली, तेव्हा बायकोनं दहावा म्हणून नवऱ्यालाच आणून बसवलं. नवरा कसला, तर जन्मभर छापखान्यात प्रुफं तपासलेला. घरी आलेली लग्नपत्रिकासुद्धा लाल शाईनं दुरुस्त करून परत पाठवणारा. कानामात्रा हे नाव छापखान्यातल्या लोकांनीच ठेवलेलं. बायकोला त्यांनी पूर्वी घरी शिकवून पाहिलं होतं, पण तिचा शब्द अर्धा व्हायच्या आत हे खेकसायचे. शेवटी तिनं पाटी पलंगाखाली सरकवली ती सरकवलीच. आता म्हातारपणी ती बाईंच्या वर्गात रमली होती, दुसरं पुस्तक सुरू व्हायची वाट बघत होती. तेवढ्यासाठी कानामात्रा रोज संध्याकाळी शेवटच्या बाकावर बसून, 'ग' कुठला नि 'म' कुठला म्हणून डोकं खाजवत होते.

आणि आज वरच्या कचेरीतून साहेब आले होते. वाचता येणारी माणसं भरून संख्या फुगवतात, अशी तक्रार त्यांच्याकडे गेली होती. असा एक जरी सापडला तरी वर्गाला कुलूप, हे त्यांनी बाईंना आल्याआल्या सुनावलं होतं. आता ते फळ्याजवळ हाताची घडी घालून उभे होते आणि बाई त्यांच्या शेजारी कपाळाचा घाम पुसत होत्या. बायको चपला काढायला मागं राहिल्यामुळे सगळ्यांत आधी आत शिरले ते कानामात्राच.

हा सापळा आहे, हे त्यांनी एका क्षणात ओळखलं. रंगबिंग काही नाही. पुठ्ठा बघून जो थबकेल तो लबाड, एवढा सरळ डाव. बाक चकाकत होता खरा, पण तिकडे त्यांनी बघितलंच नाही. साहेबांना नमस्कार केला आणि रोज मागं बसणारे ते आज मुद्दाम पहिल्या बाकावर ऐसपैस बसले.

साहेबांनी "अहो अहो" म्हणत हात उचलला, पण तोवर उशीर झाला होता.

गारवा आधी मांड्यांना कळला, मग नाकाला वास. साहेब येणार म्हणून शिपायानं दुपारी सगळे बाक रंगवून काढले होते. उठावं तर उठताना तोंडातून पुठ्ठ्यावरचा मजकूर जसाच्या तसा बाहेर पडेल, अशी कानामात्रांना धास्ती वाटली. शिवाय पांढऱ्या पँटचं व्हायचं ते होऊन गेलं होतं. ते बसून राहिले.

मग इस्त्रीवाला आला. बसायला वाकला, तेवढ्यात त्याची नजर पुठ्ठ्यावर गेली. त्यानं बोट लावलं. एकेक अक्षर जोडत तो 'ओला'पर्यंत पोचला आणि ताठ उभा राहिला. भाजीवालीनं बोट न लावता ओठ हलवले आणि तीही भिंतीला जाऊन टेकली. एकेक जण येत होता, अडखळत होता, शहाणा होऊन बाजूला होत होता. प्रत्येक अडलेला शब्द कानामात्रांच्या जिभेच्या टोकावर नाचत होता. त्यांनी जीभ दातांखाली धरली.

शेवटी बायको आली. पुठ्ठ्यासमोर उभी राहिली आणि तिनं सगळी ओळ एका दमात, मोठ्यानं वाचली. मग नवऱ्याकडे बघितलं.

लाखो ओळी त्या माणसाच्या डोळ्यांखालून गेल्या होत्या, पण ऊर असा कधी भरून आला नव्हता. बायको इतकं छान वाचते हे त्यांना माहीतच नव्हतं. घरी त्यांनी तिला ओळीच्या शेवटापर्यंत कधी पोचूच दिलं नव्हतं.

साहेबांनी मात्र डोळे बारीक केले. हिला आधीपासूनच येत असणार, असं ते बाईंना ऐकू जाईल इतपत पुटपुटले.

"मला?" बायको म्हणाली. "मला शिकवायला घरात कोण बसलंय?"

साहेबांनी बाकावर बसलेल्या नवऱ्याकडे एकदा नीट बघितलं. त्यांची खात्री पटली. वर्ग अगदी खरा आहे, बाकीच्यांना दुसरं पुस्तक द्या, असं त्यांनी बाईंना सांगितलं. या आजोबांकडे मात्र विशेष लक्ष द्या, असा पक्का निरक्षर आपल्या पाहण्यात नाही.

घरी जाताना कानामात्रा पुढं आणि बायको त्यांच्या पाठीला चिकटून मागं, कारण पँटवरचे हिरवे पट्टे झाकायला दुसरं काही नव्हतं. चालताचालता ती दुकानांच्या पाट्या वाचत होती, अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात. एक पाटी ती चुकीची वाचून गेली. कानामात्रांची मान आपोआप मागं वळली, तोंड उघडलं.

"पुढं बघून चाला," बायको म्हणाली. "तुम्हाला कुठं वाचता येतं?"

कानामात्रांनी तोंड मिटलं. पुढची पाटी चांगली लांबलचक होती. तिच्यापाशी ते आपणहून थांबले आणि बायकोची वाचून होईपर्यंत मुकाट्यानं रस्त्याकडे बघत उभे राहिले.