चोवीस मेचं मोजमाप

“प्राथमिक शाळेसमोरचं ध्वनिमापन. चोवीस मे, सकाळी दहा ते अकरा. आवाज मर्यादेच्या आत,” एवढं वाचून रस्ते खात्याच्या इंजिनिअर वल्चेवनी पान उलटलं.

तिसऱ्या रांगेत बसलेली त्सोंका जागच्या जागी ताठ झाली. त्या शाळेत ती तेवीस वर्षांपासून शिपाई होती.

डोल्ना ब्रेझाच्या वाचनालयाचा हॉल गच्च भरला होता. गावाच्या मधोमध जाणारा महामार्ग चार पदरी होणार होता, आणि त्याच्या पर्यावरण अहवालावरची ही एकुलती एक जनसुनावणी. शाळेची भिंत आत्ताच रस्त्यापासून सात मीटरवर होती, आता ती तीन मीटरवर येणार. पण शाळेपाशी आवाज मर्यादेत आहे, तेव्हा आवाज अडवायला भिंत नको आणि गावाबाहेरून वळणरस्ताही नको, असं अहवालाचं म्हणणं.

त्या दिवशी आवाज मोजायचं यंत्र घेऊन आलेला माणूस तिला लख्ख आठवला. चोवीस मे म्हणजे अक्षरांचा सण, शाळेला सुट्टी. पोरं फुलांचे हार घेऊन बँडमागे गेलेली, मिरवणुकीसाठी पोलिसांनी रस्ता दोन्ही टोकांना बंद केलेला, आणि शाळेत ती एकटी फरशी पुसत होती. तिनंच फाटक उघडलं. कॉफी करून दिली. “आज काय मोजणार तुम्ही? रस्ता बंद आहे. उद्या या,” असंही म्हणाली.

तो हसला होता. “मावशी, आजच बरं. तेवढा तो रेडिओ बंद करा.”

आणि तिनं रेडिओ बंद केला होता. सरकारी कामाला आपला हातभार लागला म्हणून दिवसभर तिला बरं वाटत राहिलं होतं. आता ते आठवलं आणि तिनं हात वर केला.

माइक तिच्यापर्यंत आला. “नाव?” वल्चेवनी विचारलं.

“त्सोंका मिंचेवा. शाळेत शिपाई आहे.”

“ध्वनिशास्त्राचं काही शिक्षण?”

“नाही. कान आहेत.” मागे कोणीतरी हसलं. “साहेब, त्या दिवशी रस्ता बंद होता.”

“अहवालात तसा उल्लेख नाही.”

“म्हणून तर सांगतेय. चोवीस मे होता. तुमची पोरं चोवीस मेला वर्गात बसतात का?”

आता सगळा हॉल हसला. वल्चेवनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “चोवीस मे बुधवारी आला होता, बाई. मोजमाप सोमवार ते शुक्रवार घ्यावं असा नियम आहे. नियम पाळलेला आहे.”

हसणं थांबलं. टेबलाच्या कडेला नगराध्यक्ष गेत्सोव बसले होते. त्सोंका त्यांच्याकडे वळली.

“नगराध्यक्ष, तुम्ही तर बँडच्या पुढे होतात. कुठून चालत होतात ते सांगा यांना. फुटपाथवरून?”

गेत्सोव समोरची पाण्याची बाटली फिरवत राहिले. “मिरवणूक दरवर्षीच असते, त्सोंका. नेमकं त्या वर्षीचं कसं सांगू?”

“रस्त्याच्या मधोमध चालत होतास,” ती म्हणाली. आवाज चढला नाही, फक्त ‘तुम्ही’ गळून पडलं. “दोन्ही हात हलवत. मी वर्गाच्या खिडकीतून बघत होते. एरवी ती खिडकी आम्ही उघडतच नाही. ट्रक गेला की पहिलीच्या बाई बोलायच्या थांबतात, पोरंही थांबतात. ट्रक गेल्यावर परत पहिल्यापासून. असं दिवसभर. हे तुला ठाऊक नाही? तुझी मुलगी त्याच वर्गात शिकली.”

“तुमची तीन मिनिटं झाली,” वल्चेव म्हणाले. माइक बंद झाला. शेजारच्या लेखनिकाला त्यांनी सांगितलं, “लिहा. एका महिला नागरिकाने स्थानिक सणाविषयी माहिती दिली.” मग त्यांनी कागद गोळा करायला घेतले. “दाराशी एकशे चौदा जणांनी सह्या केल्या आहेत. म्हणजे एकशे चौदा नागरिकांशी विचारविनिमय झाला. सुनावणी पूर्ण झाली असं मी जाहीर करतो.”

त्सोंका उभीच होती. आत येताना सही करा म्हणाले, म्हणून तिनं केली होती. कशासाठी, ते विचारलं नव्हतं. त्या दिवशी रेडिओ बंद करतानाही तिनं विचारलं नव्हतं.

ती रांगेतून बाहेर पडली आणि दाराजवळच्या टेबलापाशी गेली. सह्यांच्या कागदावरून बोट फिरवत तिनं आपलं नाव शोधलं. सदतिसाव्या ओळीवर होतं. दोरीला बांधलेलं पेन उचललं आणि ते खोडलं. एकदा खोडून भागलं नाही. कागद चिरेपर्यंत ती खोडत राहिली.

“बाई, तो सरकारी कागद आहे,” वल्चेव तिकडून ओरडले.

“नाव माझं आहे,” त्सोंका म्हणाली.

बेकरीवाली वेलिका खुर्ची मागे सारून उठली, टेबलापाशी आली आणि तिनं हात पुढे केला. त्सोंकानं तिला पेन दिलं. वेलिकाच्या मागे टपालवाला म्लादेन आला. त्याच्या मागे दोन शिक्षिका. खुर्च्या सरकल्याचे आवाज मागच्या भिंतीपर्यंत होत गेले.

वल्चेव घाईनं आले आणि त्यांनी कागदाची एक कड धरली. गेत्सोव उठले. आता ते काहीतरी बोलतील म्हणून सगळ्यांनी मान वळवली. त्यांनी कोट घातला आणि बाजूच्या दारानं निघून गेले.

“सोडा तो कागद,” वल्चेव म्हणाले.

त्सोंकानं पंजा पसरून कागद टेबलावर दाबून धरला. फरशी पुसून भेगाळलेला हात होता तो. रांग संपेपर्यंत तिनं तो उचलला नाही.