हौसाबाई सुटली

नव्या तुरुंगाच्या फाटकात हौसाबाईने डावा दंड पुढे केला. मागच्या दोन्ही बदल्यांत तिच्या औषधांचे कागद मागेच राहिले होते, आणि दोन्ही वेळा फिट आल्यामुळे तिला उचलून आत न्यावं लागलं होतं. आता तिच्या कातडीखाली तांदळाएवढी कुपी होती. ती रक्त तपासायची, औषध सोडायची आणि पुढच्या तुरुंगात गेलं की सगळा अहवाल स्वतःच बोलून सांगायची, तोही जुन्या तुरुंगातल्या नर्स सुलभाबाईंच्या आवाजात.

शिपाई ललिताने दंडाला यंत्र टेकवलं.

“नीट ऐका गं,” कुपी सुलभाबाईंसारखीच खेकसली. “तीन वर्षांत फिट नाही. डॉक्टरांनी ठरवल्याप्रमाणे डोस कमी करत आणला, आज शेवटचा थेंब दिला. यापुढे औषध बंद. हौसे, सुटलीस बघ.”

रांगेतल्या बायकांनी टाळ्या पिटल्या. ते ऐकून जेलरबाई लगबगीने बाहेर आल्या.

“कोण सुटलं? माझ्याकडे कुणाचाच हुकूम नाही.”

“मी सुटले, बाई,” हौसाबाई हसत म्हणाली. “फिटांतून. तुमच्याकडे अजून सात वर्षं आहे.”

आणि पदर खोचून ती फाटकातून आत गेली, या वेळी स्वतःच्या पायांनी.