सोवळ्याचं रेशीम

शिवदास गुरव रेशमी मुकटा नेसून देवापुढे बसला होता आणि रोझमेरी टीचर दारातल्या खुर्चीवर त्याच्या होकाराची वाट बघत होत्या. शुक्रवार होता, सुट्टीचा. बहरीनमध्ये, मनामातल्या त्या दोन खोल्यांत देव्हारा फ्रिजला खेटून होता. सोवळ्यातल्या नवऱ्याला शिवाशिव नको म्हणून रखमाने सकाळपासून फ्रिज उघडला नव्हता. दूध त्यातच, त्यामुळे टीचरना चहा कोरा मिळाला.

अकरावीच्या मुलींना शाळा चीनला नेणार होती. कापड कसं विणतात, रंगवतात, त्यावर भरतकाम कसं करतात, माणसं कशी राहतात, ते बघायला. शिवदासच्या मुलीचं, मथुरेचं, नाव टीचरनी स्वतः घातलं होतं. उद्या नावं पक्की व्हायची होती. बाप नाही म्हणाला, तर मथुरेच्या जागी दुसरी मुलगी जाणार होती.

"समुद्रात बांधतायत तो पूल अजून सौदीला पोचला नाय, आणि ही निघाली चीनला," शिवदास गंध उगाळत म्हणाला.

"मी बरोबर आहे ना," टीचर म्हणाल्या. त्या वसईच्या. त्यांच्याशी मराठीत बोलायची सोय होती, आणि वाद घालायचीही.

"तुमच्यावर भरवसा हाय, टीचर. पण तिकडे खातात काय? आमच्या हॉस्पिटलातला एक ड्रायव्हर सांगत होता, किडे उकळून खातात. जिवंत किडे. आम्ही देवाचे गुरव. गावच्या शंकराला पिढ्यान्‌पिढ्या आमचा हात लागतो. घरात अंडं आणत नाय आम्ही. आणि पोर तसल्यांच्या पंगतीला बसवू? मफी, नाय म्हंजे नाय. खलास."

मथुरा आतल्या दारात उभी होती. एरवी बापाने मराठीत काही विचारलं की ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि बापाला ते लागायचं. आज तिने मराठी काढली. रागाने काढली, पण काढली.

"बाबा, तुम्ही नेसलात ते काय आहे?"

"मुकटा. माझ्या आजाचा. त्याच्याशिवाय देवाला शिवायचं नाय."

"का?"

"रेशीम म्हंजे मुळातच शुद्ध."

"आणि रेशीम कशाचं?"

"किड्याचं. कोळी जाळं काढतो तसा तो धागा काढतो. एवढं कळतं मला."

"धागा काढतो आणि त्याच्याच कोशात झोपतो. मग तो कोश उकळत्या पाण्यात टाकतात. किडा आत जिवंत असताना. नाहीतर त्याचं पाखरू होतं आणि ते धागा तोडून बाहेर येतं. एका मुकट्याला हजारो किडे लागत असतील, बाबा."

"मथुरा, पुरे," टीचर म्हणाल्या. वर्गात शिकवलेला धडा असा बापाच्या अंगावर जाईल, असं त्यांना वाटलं नव्हतं.

शिवदासने त्यांच्याकडे पाहिलं. शिकलेल्या बाईने नुसतं नाही म्हणावं, एवढीच त्याची इच्छा होती. "खरं काय हे?"

"खरं आहे."

त्याने हातातलं फूल परत परडीत ठेवलं. त्याचा आजा देवळाचं अंगण आधी झाडायचा आणि मग पाऊल टाकायचा, मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून. तेही हाच मुकटा नेसून. शिवदासला फार वाईट वाटलं. पोरीचा राग यावा असंही वाटलं, पण तो येईना.

"अहो, काय ते एकदा ठरवा," आतून रखमा म्हणाली. "देव खोळंबलेत, आणि नैवेद्याचा भातही निवतोय."

शिवदास उठून न्हाणीघरात गेला. नळ वाजला. तो बाहेर आला तेव्हा कमरेला साधा सुती पंचा होता, पाण्याने निथळणारा. रेशीम नसेल तर गुरवाने ओलेत्याने पूजा करायची, ही रीत त्याला ठाऊक होती. गावच्या उकाड्यात ती बरी वाटते. इथे जानेवारी होता आणि खिडकीतून समुद्राचा वारा येत होता. त्याचे दात वाजू लागले आणि मंत्र अडखळायला लागले.

मथुरेचा राग कुठल्या कुठे पळाला. ती टॉवेल घेऊन पुढे झाली आणि सोवळं आठवून मधेच थांबली. "बाबा, मी नाही गेले तरी चालेल," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं, पण ती ते मनापासून म्हणाली होती.

शिवदासने पूजा पुरी केली, नैवेद्य दाखवला, नमस्कार केला. मग टॉवेल घेऊन अंग पुसता पुसता त्याने विचारलं, "टीचर, सगळीकडे उकळतातच?"

"बहुतेक. काही ठिकाणी पाखरू बाहेर पडेपर्यंत थांबतात. पण मग कोश फुटलेला असतो. सलग धागा मिळत नाही, कापसासारखं सूत कातावं लागतं. कापड जाडंभरडं होतं, त्याला झळाळी नसते."

"चीनमध्ये मिळेल तसलं?"

"मिळावं. शोधावं लागेल."

शिवदासने टॉवेल खांद्यावर टाकला.

"मग हिचं नाव राहू दे," तो म्हणाला. "बाय, जेवणाचं तुझं तू बघ. भात तर सगळीकडे मिळतो. आणि तिथे नुसते रंग बघत हिंडू नको. विचार त्यांना. एक पंचा होईल एवढं आण."

"तुम्हाला आवडणार नाही, बाबा. खरखरीत असेल."

"असू दे खरखरीत," शिवदास म्हणाला. "पाखरू उडून गेलेलं पाहिजे."