आज किती?

व्यायामाच्या ताईंनी सगळ्यांना आपापलं बाळ पोटावर घ्यायला सांगितलं. किराणावालीने तांदळाची पिशवी घेतली.

पहिल्या दिवशी सगळे गालातल्या गालात हसले होते. मग कारण कळलं. तिचं बाळ दिवस भरायच्या आधीच झालं होतं आणि दवाखान्यात काचेच्या पेटीत होतं. दोन किलोचं झालं की घरी न्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तोवर हातांना सवय हवी, म्हणून दर मंगळवारी ती दवाखान्यातून वजन विचारून यायची आणि दुकानातल्या काट्यावर तेवढेच तांदूळ भरायची. ग्रॅमचाही फरक नाही. गिऱ्हाइकाला चार दाणे जास्त गेले तरी चिमटीने परत काढणारी बाई ती!

ताईही तिला सूट देत नसत. "मानेखाली हात घ्या," त्या बजावत. ती पिशवीच्या गाठीखाली हात घ्यायची.

"आज किती?" हा वर्गाचा रिवाजच झाला. एक किलो चारशे ऐंशी. सहाशे दहा. सातशे चाळीस. सहा किलोच्या गुटगुटीत मुलाचा बाप तर प्रत्येक आकड्याला टाळ्या वाजवायचा.

चौथ्या मंगळवारी पिशवी ढिली दिसली.

"काय, आज डायटिंग का?" तोच बाप म्हणाला.

"ताप आला होता," ती म्हणाली. "पन्नास ग्रॅम काढावे लागले."

बापाचा चेहरा खर्रकन उतरला. तिने मात्र दहाच्या दहा वेळा पिशवी उचलली, आणि मगच घरी गेली.

पुढचे दोन मंगळवार ती आलीच नाही. फोन करायची हिंमत ताईंनाही झाली नाही. तिची सतरंजी तेवढी त्या दर वेळी अंथरून ठेवायच्या.

तिसऱ्या मंगळवारी वर्ग सुरू झाल्यावर दार उघडलं. तिच्या हातात पिशवी नव्हती. टोपड्यातून एवढासा चेहरा डोकावत होता. ताईंचा जीव भांड्यात पडला. डोळे पुसत त्यांनी सवयीने विचारलं, "आज किती?"

किराणावाली बाळाकडेच बघत होती.

"सांगत होती नर्स काहीतरी," ती म्हणाली. "माझं लक्षच नव्हतं."