रिकामा डबा

काल मी जाऊबाईंना डबाभर नारळाच्या वड्या पाठवल्या होत्या. आज डबा घासूनपुसून परत आला, आत साखरेचा दाणासुद्धा नव्हता.

वर्षभर आमचं बिऱ्हाड पाठीवर होतं. ह्यांची नोकरी नेईल तिथे गेलो. आधी भोपाळ, मग सुरत, आणि शेवटी इथे मिरजेत, थोरल्या दिरांच्या शेजारी घर घेतलं. तिकडच्या परक्या शेजारणींनीसुद्धा माझं भांडं कधी रिकामं पाठवलं नव्हतं. जाऊबाईही आजवर काहीतरी घालूनच देत आल्या होत्या. मग आताच काय बिनसलं? दिवसभर तेच मनात घोळत होतं.

संध्याकाळी त्या मागच्या दाराने आल्या आणि सरळ माझा फ्रिज उघडून कोथिंबीर शोधू लागल्या. मला राहवेना. "वहिनी, माझं काही चुकलं का? डबा रिकामा आला."

"अगं, तू काय आता शेजारीण आहेस होय, भरून द्यायला?" फ्रिजमधून डोकं न काढताच त्या म्हणाल्या.

जाताना कोथिंबीर त्याच डब्यात घालून घेऊन गेल्या. डबा अजून आलेला नाही. मीही मागितला नाही.